आतल्या बाजूचा चावा

१

मी दात करते. असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे डॉक्टर का? नाही हो. डॉक्टर तोंडात हात घालतात, मी तोंड न बघता दात करते. तीन दवाखान्यांतून रुग्णांच्या दातांची मापं येतात, मी त्यांत प्लास्टर ओतून साचा काढते, त्यावर मेणात दात बसवते आणि आठवड्याभरात कुणाच्या तरी आजोबांची कवळी तयार होते. घराची मागची खोली हीच माझी कार्यशाळा. वीस वर्षं झाली. रस्त्यात माणूस भेटला तर चेहरा आठवत नाही, हसला की मात्र लगेच ओळखते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाईचा काहीतरी गोंधळ झाला. दुसऱ्या कशात होईल. दातांच्या बाबतीत माझा गोंधळ एकदाच झाला, आणि तो कसा झाला तेही सांगणार आहे.

आता लाजेची गोष्ट. रोज दुपारी सव्वातीनला माझे हात थांबायचे. सकाळी नुसता चहा, दुपारी काहीच नाही, कारण आज शहाण्यासारखं वागायचं असं ठरलेलं असायचं. सव्वातीनला ते शहाणपण संपायचं. मी स्वयंपाकघरात जायची, लाकडी कपाट उघडायची आणि उभ्याउभ्या खायला लागायची. पाव, बिस्किटं, बरणीतला जॅम चमच्याने, उरलेला भात, लेकीचा दुसऱ्या दिवसाचा डबाही. चव लागायची नाही. पोट भरलंय हे कळायचं आणि हात चालूच राहायचा. चारला शाळेची गाडी वाजली की रिकामी पाकिटं प्लास्टरच्या कचऱ्याखाली दडपायची, तोंड धुवायचं आणि हसत दार उघडायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं तर सगळं अंग खवखवायचं.

हे असंच चाललं असतं. पण एका रविवारी माझी लेक कपाटासमोर दिसली. सात वर्षांची आहे. जन्मली तेव्हा गाल असे फुगलेले होते की तिच्या बाबांनी तिचं नाव खारू पाडलं. ते जहाजावर असतात, वर्षातून चार महिने घरी. तर खारू कपाटासमोर उभी होती, एकामागून एक बिस्किट तोंडात कोंबत होती आणि खाताना दाराकडे बघत होती. तिला हे कुणी शिकवलं? मीच की.  माझं काहीही होवो, ही पोर माझ्यासारखी होता कामा नये.

२

दुसऱ्याच दिवशी मी समुपदेशक बाईंकडे गेले. त्या सगळ्यांना वही लिहायला लावतात, म्हणून मी त्यांना वहीवाल्या बाई म्हणते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. नाक मुरडलं नाही, याचंच मला रडू आलं.

"तुमच्यात शिस्त कमी नाहीये हो," त्या म्हणाल्या. "जास्तच आहे. दिवसभर उपाशी राहता आणि मग दुपारी शरीर बंड करतं. सकाळी खा, दुपारी जेवा, मध्ये काहीतरी खा. बसून, ताटलीत घेऊन. आणि खाऊ कुलपात ठेवू नका. कुलूप बघितलं की भूक घाबरते, आणि घाबरलेली भूक जास्त खाते."

मी मान डोलावली, फी दिली आणि घरी जाताना कुलूप विकत घेतलं. माझं हे असंच. ऐकायचं जनाचं, करायचं मनाचं.

कुलूप लावलं, पण किल्ली घरातच असणार आणि मी मला चांगली ओळखते. मग डोकं चालवलं. सकाळी खारू शाळेत गेली की रबरी वाटीत प्लास्टर कालवायचं आणि त्यात किल्ली बुडवायची. अर्ध्या तासात पक्का दगड. खारू घरी आली की तिच्यासमोर हातोडीने फोडायचा आणि किल्ली बाहेर काढायची. मधल्या वेळात कपाट उघडायचं तर दगड फोडावा लागणार, आणि फोडलेला दगड लपवता येत नाही. दर सकाळी मी त्या ओल्या दगडावर काडीने तारीख आणि वेळही कोरायची, म्हणजे नवा करायचा तर खोटी वेळ कोरावी लागेल. स्वतःवरच पाळत! वहीत मी यातलं एक अक्षर लिहिलं नाही.

पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी साडेचारला दगड फोडला, कपाट उघडलं. पुढ्यातच चीजचा ठोकळा होता, त्याचं वेष्टन फाटलेलं. कोपऱ्यावर एक चावा होता. लहान, गोल, स्वच्छ चावा.

"हे काय आहे, खारू?"

तिने बघितलं. "मी नाही."

"मग कोण? भूत?"

"मी शाळेत होते ना, आई."

"सकाळी निघताना खाल्लंस. खोटं बोलू नकोस. सगळं संपवायचं होतं का?"

शेवटचं वाक्य माझं नव्हतं. म्हणजे माझ्याच तोंडून आलं, पण त्याचा सूर मी कधीतरी ऐकलेला होता.  त्या संध्याकाळी ती जेवायला बसली आणि ताटलीतल्या बटाट्यांकडे नुसती बघत राहिली. "भूक नाही," म्हणाली. सात वर्षांच्या मुलीने मोजूनमापून म्हटलेलं 'भूक नाही' मला लगेच ओळखू आलं. ते मी लहानपणापासून म्हणत आलेय.

३

सकाळी दात घासताना खारू आरशात बघून आ करत होती. तिचे वरचे पुढचे दोन्ही दात पडलेत, महिना झाला. नवे अजून दिसतही नाहीत.

मी ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले. चीजवरच्या चाव्यात तर पुढच्या दातांच्या खुणा ठसठशीत होत्या. दात हा माझा धंदा, आणि माझ्याच पोरीच्या तोंडातलं भगदाड मला दिसलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तिथेच खाली बसून तिला जवळ घेतलं. "चुकले गं मी," म्हटलं. ती "बरं" म्हणाली. पण डब्यात घातलेला पाव तिने संध्याकाळी तसाच परत आणला.

ती शाळेत गेल्यावर मी चीजचा ठोकळा मागच्या खोलीत नेला. उंदीर? उंदराचे पुढचे दोनच दात उमटतात, ही पूर्ण कमान होती. मीच? मी तिथेच एका मेणाच्या पट्टीवर चावले आणि दोन्ही शेजारी ठेवले. माझी कमान दीडपट रुंद. मग जे वीस वर्षं करतेय तेच केलं. चाव्यात हळूच प्लास्टर ओतलं, वाळू दिलं आणि साचा काढला.

दुधाचे दात होते. साधारण सहा वर्षांच्या मुलाचे. सगळे सरळ, फक्त पुढच्या दोघांच्या डावीकडचा दात वळून शेजारच्यावर चढलेला होता. असा तिरका दुधाचा दात मी साच्यांत पाहिलेला नाही. तरी तो ओळखीचा वाटत होता, आणि कुणाचा ते मला आठवेना.

साचा फळीवर ठेवला. इतर साच्यांवर रुग्णांची नावं असतात. याच्यावर मी काही लिहिलं नाही.

४

त्याच दुपारी मी कामाला बसलेच नाही. किल्लीचा दगड मांडीवर घेतला आणि दोन वाजल्यापासून कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. या कपाटाबद्दल सांगायचं राहिलं. ते माझ्या आईचं. ती गेल्यावर दादाने पाठवून दिलं. उंच, जड, खालचा कप्पा एवढा मोठा की त्यात धान्याचं पोतं मावेल. मला ते नको होतं. नको का, ते मात्र मला सांगता आलं नव्हतं.

घरात आवाज नव्हता. नळ टपकत होता, बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. मी स्वतःलाच हसत होते. शिकलेली बाई, भर दुपारी कपाटावर पहारा करतेय.

सव्वातीनला चावण्याचा आवाज सुरू झाला.

हळू नव्हता. भराभर, गिळायच्या आधीच पुढचा घास, मध्ये श्वासापुरतं थांबणं आणि परत.  तो आवाज मला तोंडपाठ होता. मी खाताना तो आतून ऐकलेला आहे. मी श्वास रोखला, आवाज थांबला. श्वास सोडला, सुरू झाला. मग एक विचार मनात आला आणि मी हात गालावर ठेवला.

माझा जबडा हलत होता. तोंडात काहीही नव्हतं.

चला, म्हटलं, उलगडा झाला. मीच रिकामं तोंड चालवतेय, आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला खरंच हायसं वाटलं. मी दोन्ही हातांनी जबडा घट्ट दाबून धरला. तो थांबला. आवाज चालूच राहिला.

किती वेळ बसले कोण जाणे. मग एकदम हातोडी घेतली, दगड फोडला, किल्ली दोनदा हातातून पडली. कपाट उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. बिस्किटांचा पुडा फाटलेला होता. खालच्या कप्प्यात चुरा पडला होता, पोटाशी गुडघे घेऊन कुणी बसलं तर जेवढी जागा लागेल तेवढी सोडून.

दार लावताना माझं बोट आतल्या बाजूला अडकलं. दाराच्या कडेला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, लाकडात दातांच्या खुणा होत्या. बऱ्याच. बहुतेक जुन्या, काळ्या पडलेल्या. दोन ताज्या होत्या, खालचं लाकूड पिवळंधमक दिसत होतं.

५

संध्याकाळी दादाला फोन केला. तो दुसऱ्या गावात राहतो आणि फोनवरून सल्ले देतो, उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस.

"काय गं तिरके, आज कशी आठवण काढलीस?"

 चाळीस वर्षं तो मला तिरकी म्हणतो. ते का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, मी तिरकं बोलते म्हणून.

"दादा, मला तिरकी का म्हणतोस?"

"तुझा तो दात! विसरलीस? दुधाचा, डावीकडचा. शेजारच्यावर चढून बसलेला. पडला तेव्हा तू रडली होतीस."

मी भिंतीला टेकले. मग विचारलं, "आईच्या कपाटाला कुलूप होतं का रे?"

 "सहा वर्षांची होतीस तू, शाळेत वजन केलं होतं तुझं. डॉक्टरांनी आईला यादी दिली, हे द्यायचं नाही, ते द्यायचं नाही. तिने कुलूप लावलं. वाईट नव्हती गं ती, घाबरली होती."

"आणि?"

"आणि काय? एकदा कपाट उघडं असताना तू खालच्या कप्प्यात शिरलीस. तिला दिसलं नाही. तिने कुलूप घातलं आणि कामावर गेली. मी शाळेतून आलो, तुला सगळीकडे शोधलं. आतून तू एकदाही हाक मारली नाहीस. संध्याकाळी आईने उघडलं तर तू आतलं सगळं खाल्लेलं."

"आई काय म्हणाली?"

"सोड ना आता."

"दादा, सांग."

"म्हणाली, सगळं संपवलंस?"

तेवढंच. लागलं का, भीती वाटली का, किती वेळ होतीस, काही नाही. मला त्यातलं काही आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना.

"दादा, मी बाहेर आले होते ना?"

"म्हणजे काय? आलीसच की. फक्त आठ दिवस बोलली नाहीस." मग तो हसला, पण ते हसू नीट नव्हतं. "आई म्हणायची, पोर बाहेर काढली खरी, पण ही वेगळीच वाटते."

६

शनिवारी खारूची उशी उन्हात टाकायला उचलली. खाली रुमालात बांधलेली सहा बिस्किटं आणि पावाचा एक वाळका तुकडा होता.

 मी तिला हाक मारली. ओरडायचं नाही, असं स्वतःला दहा वेळा बजावलं.

"हे तुझं का गं?"

"माझं नाही, तिचं."

"कुणाचं?"

"कपाटातल्या मुलीचं." खारूने हे शाळेतल्या मैत्रिणीबद्दल सांगावं तसं सांगितलं. "तू किल्ली दगडात घालतेस ना, म्हणून मी माझ्या डब्यातलं ठेवते. ती म्हणते, आज मिळतंय तेवढं खाऊन घे, उद्या मिळणार नाही. मला पण म्हणते."

"तू तिला काय म्हणतेस?"

खारूने खांदे उडवले. "मला काय माहीत उद्याचं? तूच कुलूप लावतेस."

वहीवाल्या बाईंचं ते वाक्य मला तेव्हा कळलं. कुलूप बघितलं की भूक घाबरते. त्या भुकेबद्दल बोलल्या होत्या, कुणा मुलीबद्दल नाही. पण मला आता त्यात फरक करता येत नव्हता. मी ज्या पोरीला वाचवायला कुलूप लावलं, तिला मी स्वतःच्या हाताने कपाटापाशी नेऊन उभं केलं होतं. आईने तरी याहून वेगळं काय केलं होतं?

७

मी पेचकस घेतला आणि कोयंड्याचे चारही स्क्रू काढले. कुलूप, किल्ली, कोयंडा, सगळं एका वाटीत टाकलं आणि वरून प्लास्टर ओतलं. यावर तारीख घातली नाही.

मग जेवायला वाढलं. भर दुपारी एक वाजता, टेबलावर, तीन ताटल्या. सूप, पाव, चीज, एकेक सफरचंद. तिसरी ताटली कपाटाच्या बाजूला ठेवली आणि कपाटाची दारं उघडी टाकली. खारू शहाण्यासारखी खुर्चीवर चढून बसली.

मी पावाचा घास घेतला.  सगळं संपव, आत्ता, उभी राहा आणि संपव.  मी टेबलाची कड धरली आणि चावत राहिले. चव लागली. जरा खारट होता पाव. कित्येक वर्षांनी मला पाव खारट लागला.

खालच्या कप्प्यात खुडबुड झाली. माझी मान तिकडे वळेना.

"पोरी," मी कपाटाकडे न बघता म्हटलं. "ऐक. संपवायची घाई नाही. उद्याही मिळणार आहे. परवाही. दार मी लावणार नाही."

 खारू सूप पीत होती. मग तिने टेबलाखाली बघितलं आणि पाय जरा बाजूला घेतले, कुणाला जागा द्यावी तसे.

माझ्या समोर, तिसऱ्या ताटलीपलीकडे, टेबलाच्या कडेवर चार बोटं आली. लहान, मळकी, नखांत लाकडाची कुसळं अडकलेली. ती ताटलीपर्यंत पोचली आणि थांबली. मी किंचाळले नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. मी माझा हात पुढे केला आणि ताटली दोन बोटांएवढी तिच्याकडे सरकवली.

टेबलाच्या वर केस दिसले, कपाळ दिसलं. त्याच्या पुढे मी बघितलं नाही. डोळे मिटून घेतले आणि तोंडातला घास चावत बसले. समोर कुणीतरी माझ्याबरोबर चावत होतं. सुरुवातीला भराभर. मग हळूहळू माझ्या वेगाने.

८

आता सगळं ठीक झालं म्हणाल तर नाही. मधल्या काळात दोनदा सव्वातीनला मी परत उभ्याउभ्या खाल्लं, पोट दुखेपर्यंत. वहीत ते खरं खरं लिहिलं. वहीवाल्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी राहिलात का? म्हटलं नाही, न्याहारी केली. "मग झालं तर," म्हणाल्या. तिसऱ्या ताटलीबद्दल मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या चांगल्या आहेत, उगाच त्यांना कशाला घाबरवा?

खारूच्या उशीखाली आता काही नसतं. मी रोज बघते.

काल दुपारी मी मागच्या खोलीत एक कवळी घासत होते. सव्वातीन वाजले. मला भूक लागली, साधी भूक. मी उठून स्वयंपाकघरात गेले, ताटली काढली, बसले. तेव्हा मला जेवणाच्या टेबलावरची तिसरी ताटली दिसली. एक वाजता वाढलेला पाव त्यात होता.

अर्धा होता.

मी तो उचलून उजेडात धरला. चाव्याच्या कडेला डावीकडचा दात शेजारच्यावर चढलेला दिसत होता. बाकीचा पाव तसाच होता, कुणी लपवला नव्हता, कुरतडला नव्हता. तिला नको होता म्हणून तिने ठेवला होता. सहा वर्षांच्या त्या पोरीने चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उरवलं होतं.

माझा हात आपोआप तोंडाकडे गेला. सवय. मी थांबले, पाव परत ठेवला आणि वर वाटी झाकली. तिचा होता तो.

कपाटाची दारं उघडीच होती. खालच्या कप्प्यातून श्वासाचा आवाज येत होता, संथ, जरासा घोरल्यासारखा. पोट भरल्यावर खारू घोरते तसा. मी वाकून बघितलं नाही. पायांचा आवाज न करता मागच्या खोलीत गेले आणि गाडी वाजेपर्यंत घासायचं यंत्र लावलं नाही.